बोंबलांसाठी लावलेला हीटर

माझा नवरा तुर्भ्याला वजनकाट्यावर आहे. भरलेले ट्रक येऊन लोखंडी पाटावर उभे राहतात, हा काचेच्या केबिनमध्ये बसून आकडा बघतो, पावती काढतो आणि माइकवरून "चलो, आगे लो" म्हणतो. वीस वर्षं झाली. त्यामुळे जगातली कुठलीही वस्तू दिसली की याला पहिला प्रश्न पडतो, हिचं वजन किती? मला बघायला आला होता तेव्हाही पडला असणार. तेव्हा बोलला नाही, म्हणून तर मी हो म्हटलं.

पेट्रोल शंभरीच्या पार गेलं आणि हा माणूस पुरता हाताबाहेर गेला. आमची गाडी जुनी, छोटी, पेट्रोलवरची. गॅसचं किट बसवू या म्हटलं, तर म्हणे त्या सिलिंडरचं वजन कोण वाहणार? याचं एक शास्त्र आहे. गाडीत ओझं कमी, तर पेट्रोल कमी. म्हणून डिकीतली छत्री काढली. मागच्या काचेपाशी मान हलवणारा कुत्रा होता, तो काढला. पुढचा पितळी गणपती देवघरात गेला आणि त्याच्या जागी प्लॅस्टिकचा आला. टाकी तर कधीच पूर्ण भरायची नाही. कारण काय, तर "पेट्रोललासुद्धा वजन असतं. टाकी फुल करून फिरायचं म्हणजे पेट्रोल जाळून पेट्रोलच वाहायचं." हे वाक्य तो सोसायटीच्या लिफ्टमध्ये लोकांना ऐकवतो. लोक मधल्याच मजल्यावर उतरतात आणि जिन्याने जातात.

मागच्या मे महिन्यात आम्ही गाडीने साताऱ्याला निघालो, नणंदेकडे. नवरा, मी, नुकतीच दहावी झालेली आमची मुलगी आणि सासूबाई. नणंदेला बघून सासूबाईंना वर्ष झालं होतं आणि त्यांनीच एक दिवस जेवताना जाहीर केलं की मना साताऱ्याला जायाचा हाय, नेतोस का एसटीने जाऊ? त्यांचे गुडघे गेलेत, एसटीची पायरी त्यांना चढवत नाही. तेव्हा नेणं भाग होतं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी नवऱ्याने वजनाचा काटा हॉलमध्ये आणून ठेवला आणि एकेकाला बोलावलं. बॅगा तर मोजल्याच, माणसंही मोजायची होती. मी म्हटलं, मी काय सिमेंटची गोणी आहे का? तुम्हाला आकडा हवाय ना, मी सांगते, लिहून घ्या. आणि सांगितला. आता कुठल्याही बाईने सांगितला असता तसाच मीही थोडा जुना आकडा सांगितला. मुलगी काट्यावर उभी राहिली, सासूबाईही राहिल्या. त्यांचं वजन एवढंसं भरलं तर नवरा खूश होऊन म्हणाला, "वा आई! तुझ्यासारखी माणसं हवीत गाडीत."

सकाळी जुईनगरहून निघालो ते हायवेला लागायचं सोडून हा थेट तुर्भ्याला. म्हटलं, ऑफिसात काही विसरलात का? तर बोलायलाच तयार नाही. आणि बघते तर काय, रांगेत दोन भल्यामोठ्या ट्रकांच्या मध्ये आमची चिमुकली गाडी उभी. काट्यावर! हा आम्हाला वजनकाट्यावर घेऊन आला होता, सहकुटुंब.

"अहो, हे काय?"

"टॅली करतोय. हिशोबाचा आकडा आणि काट्याचा आकडा जुळला की झालं."

मी सासूबाईंसमोर 'अहो' म्हणते. चिडले की 'अरे' होतं. त्या दिवशी सकाळी नऊच्या आतच 'अरे' झालं होतं.

गाडी पाटावर चढली. केबिनमध्ये याचाच जोडीदार बसला होता. त्याने आकडा बघितला आणि काहीही लाजलज्जा न बाळगता माइकवर सांगितलं, "वीस किलो जास्त आहे, भाऊ." अख्ख्या तुर्भ्याने ऐकलं. मागच्या ट्रकचा ड्रायव्हर खिडकीतून अर्धा बाहेर आला आणि गाडीत कोण जाड आहे ते बघायला लागला.

नवऱ्याने इंजिन बंद केलं, मागे वळला आणि एकेकाकडे बघायला लागला. याला घरात असं कधी कुणाकडे दरडावून बघायला मिळत नाही, त्यामुळे फार रंगात आला होता. मागून हॉर्न सुरू झाले. मी म्हटलं, कशाला उगाच तमाशा, आणि हळूच सांगून टाकलं की माझ्या आकड्यात पाच किलो वाढवा. "पाच?" तो म्हणाला. "पाच म्हटलं ना!" मी ओरडले. मुलीने बॅगेतले जादाचे बूट, केस सरळ करायचं मशीन आणि आत्याच्या मुलीसाठी घेतलेला कॅरम बोर्ड कबूल केला. कॅरम बोर्ड! तो तिने पाठीमागे सरळ उभा लपवला होता आणि सकाळपासून टेकून बसली होती. ते सगळं धरून तीन किलो.

उरले बारा. आता गाडीत बोलायचं राहिलेलं माणूस एकच होतं. आम्ही तिघांनी सासूबाईंकडे बघितलं. त्या खिडकीबाहेर ट्रकचं टायर बघत होत्या. त्यांचे गुडघे जवळजवळ हनुवटीला लागले होते.

"आई, पाय खाली घे."

"पाय बरं हायेत माजं."

"आई."

त्यांनी पाय उचलले. खाली गोणपाटात शिवलेलं, वरून प्लॅस्टिक गुंडाळलेलं एक मोठं गाठोडं होतं. बघितल्याबरोबर मला कळलं. ती आगोट होती.

आमच्या सासरी, खाडीकाठच्या गावांमध्ये, पावसाळ्याच्या आधी घरात चार महिन्यांचं भरून ठेवतात, त्याला आगोट म्हणतात. सुके बोंबील, सुकट, मांदेली, सोडे, जाडं मीठ, वर्षाचा मसाला. पावसात होड्या बंद, म्हणून ही सोय. आता कुठली होडी आणि कुठली खाडी, खाली उतरलं की सुपरमार्केट आहे. पण सासूबाई दर मे महिन्यात करतातच. सोसायटीने गच्चीवर मासे वाळवायला बंदीचा ठराव केला, तर त्या रोज सकाळी रिक्षाने आपल्या भावाच्या गावठाणातल्या घरी जातात आणि त्याच्या गच्चीवर कावळ्यांशी भांडत बसतात. आणि त्यातला अर्धा वाटा लग्न झालेल्या लेकीला पाठवायचा. नणंदेच्या लग्नाला अकरा वर्षं झाली, दहा वर्षं आगोट साताऱ्याला गेली.

अकराव्या वर्षी नणंदेचा फोन आला. आई, आता नको पाठवूस. इकडे फ्लॅटमध्ये वास येतो, शेजारचे बोलतात. सासूबाई "बरं" म्हणाल्या आणि फोन ठेवला. त्यानंतर वर्षभर लेकीचा फोन आला की त्या "हं", "बरं", "जेवली का" एवढंच बोलायच्या आणि फोन माझ्या हातात द्यायच्या. लेकही मग कानकोंडी व्हायची.

आता या गाठोड्यावर हात ठेवून त्या काट्यावरच आम्हाला ठणकावून सांगायला लागल्या. "मी सोता नेनार हाय. तिचे हातान देनार. घेतली त घेतली. नाय घेतली त मी परत तिचे दारान पाय ठेवनार नाय. आनि कोनी मना मधी बोलायचा नाय."

माइकवरून जोडीदाराने विचारलं, "काय भाऊ, माल उतरवायचा का ठेवायचा?"

नवऱ्याने आईकडे बघितलं. मग काच खाली करून सांगितलं, "ठेवायचा." आणि आमच्याकडे वळून म्हणाला, "मग एसी बंद."

मे महिना, भर ऊन आणि एसी बंद. बरं, काचा तरी उघडाव्यात, तर तेही नाही. उघड्या काचांतून वारा आत शिरला की गाडीला मागे ओढतो, पेट्रोल जास्त लागतं. म्हणून काच फक्त दोन बोटं उघडी. त्याने दोन बोटं धरून दाखवली आणि मुलीने स्वतःची दोन बोटं धरून काच खाली केली, तर म्हणे तुझी बोटं जाड आहेत. वेग साठच्या वर न्यायचा नाही. टोल वाचवायला जुना रस्ता. कळंबोली सोडलं तेव्हा आम्हाला एक रिकामा टेम्पो मागे टाकून गेला, मग एक स्कूटर, मग पाण्याचा टँकर. टँकरवाल्याने जाता जाता हात केला, त्याला वाटलं गाडी बिघडलीय.

खोपोलीच्या पुढे घाट लागला आणि गाठोडं तापलं.

मी देशावरची, साताऱ्याजवळच्या गावची. मटण म्हणाल तर ताटभर खाईन. पण सुक्या मासळीचा वास आमच्याकडे कुणाच्या गावी नसतो. सासरी आले त्या पहिल्याच मे महिन्यात मी नाकाला पदर लावून बाल्कनीत जेवले होते. आता सवय झाली, खाते, आवडीने खाते. पण बंद गाडीत, दोन बोटं हवेत, तापलेली बारा किलो? आधी नुसता अंदाज आला. मग तो वास पुढच्या सीटवर येऊन बसला. मुलीने टी-शर्ट नाकावर ओढला आणि आतून बोलायला लागली, "मम्मी, मी उलटी करणार आहे, नंतर म्हणू नकोस सांगितलं नाही."

शेवटी घाट चढून वर आल्यावर मीच गाडी थांबवायला लावली. म्हटलं, आई, रागावू नका, पण हे डिकीत ठेवू या. त्या म्हणाल्या, "ठेव. तुमचा जीव नको जायाला." मी डिकी उघडली. बॅगांनी भरलेली. चटई उचलून बघितली तर खाली जादाचं चाक ठेवायचा जो गोल खड्डा असतो तो रिकामा. गाठोडं त्यात असं बसलं की त्याच्यासाठीच केलाय. मी खूश.

गाडीत बसता बसता विचारलं, "अहो, त्या खड्ड्यातलं चाक कुठाय?"

"घरी," नवरा म्हणाला. "चौदा किलो."

"आणि पंक्चर झालं तर?"

"वीस वर्षं बघतोय, वजन कमी असलं की टायर फुटत नाही."

मी कपाळाला हात लावला आणि हनुमानाचं नाव घेऊन गप्प बसले. पुण्याबाहेर झाडाखाली डबा खाल्ला, तिथे हा तासभर झोपला, कारण दुपारच्या उन्हात म्हणे पेट्रोल उडून जातं. असं करत करत शिरवळच्या पुढे पोचेपर्यंत साडेतीन वाजले.

आणि मग आभाळ फिरलं. समोर खंबाटकीचा घाट दिसत होता तो बघता बघता दिसेनासा झाला. आधी धूळ उठली, दुकानांचे पत्रे वाजायला लागले, एका टपरीची छत्रीच्या छत्री आमच्या पुढून रस्ता ओलांडून गेली. मग पाऊस, आणि पावसात गारा. गाडीच्या टपावर असा दणदणाट की एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. वायपर एवढेसे, ते नुसते हात जोडत होते. पुढचे दिवे लाल झाले, गाड्या थांबल्या, आम्हीही थांबलो. रेनकोटवाला एक माणूस सांगत सांगत मागे गेला, घाटाच्या तोंडाशी चिंचेचं झाड आडवं झालंय, तारा तुटल्यात, दीड-दोन तास काही हलायचं नाही.

थांबत, पुढे सरकत आम्ही कसेबसे रस्त्याच्या कडेला एका बंद ढाब्याच्या पत्र्याखाली शिरलो, मागची अर्धी गाडी बाहेरच राहिली. शंभर पावलांवर पेट्रोल पंप होता, अंधारात. नवरा शर्ट डोक्यावर धरून धावत गेला आणि धावतच परत आला. लाइट नाही, जनरेटर नादुरुस्त, लाइट आली की पेट्रोल.

"आपल्याकडे किती आहे?" मी विचारलं.

त्याने काट्याकडे बोट केलं. काटा तळाला टेकला होता. हिशोबात झाड पडलेलं धरलं नव्हतं.

मी तोंड उघडणार होते, वर्षभराचं साचलेलं सगळं सांगणार होते, तेवढ्यात मागून सासूबाई म्हणाल्या, "डिकीन पानी जातंय का रं?"

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. डिकीचं रबर दोन वर्षांपूर्वी फाटलंय. बदलायचं बदलायचं म्हणून राहिलंय. एरवी पाणी जातं ते खाली त्या गोल खड्ड्यात साठतं, कुणाला कळतही नाही.

सासूबाई दार उघडून उतरल्या. गुडघे धरून, गारांत. आम्ही धावलो. डिकी उघडली, चटई उचलली, आणि गाठोडं खड्ड्यात बोटभर पाण्यात बसलं होतं. वरच्या प्लॅस्टिकचा काही उपयोग नव्हता, पाणी खालून गेलं होतं. उचललं तर गोणपाटातून ठिपकायला लागलं.

गाडीत आणून सोडलं. मीठ खालच्या बाजूला विरघळायला लागलं होतं. मसाला बरणीत होता म्हणून वाचला. सोडे ओले, सुकट ओली, बोंबील निम्मे ओले, मऊ पडलेले. सासूबाईंनी एक बोंबील हातात घेतला, दाबून बघितला आणि मांडीवर ठेवला. त्यांच्या केसांत अजून गारांचे तुकडे होते. मी टॉवेल दिला, घेतला नाही.

"गारी फिरव," त्या म्हणाल्या. "सुकी नको व्हती तिला. वली कोन घेनार?"

मला तर स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. एक तर डिकीत मीच ठेवायला लावलं होतं. आणि दुसरं जे होतं ते मी वर्षभर कुणाला सांगितलं नव्हतं.

नवरा स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता. काट्याकडे बघत होता. मला वाटलं, याच्या डोक्यात लिटर आणि किलोमीटर चालू आहेत. मग त्याने किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं. आणि एसीच्या बटणांशेजारी एक गोल खटका आहे, अर्धा निळा, अर्धा लाल. नवी मुंबईत राहणाऱ्या माणसाने त्याच्या लाल बाजूकडे आयुष्यात कधी बघितलेलं नसतं. याने तो लालच्या टोकाला नेला आणि पंखा चारवर केला.

आधी जळक्या धुळीचा वास आला. मग गरम हवा. मे महिन्यात, हीटर!

"अरे, पेट्रोल संपेल!" मी ओरडले. हे मी ओरडले, बरं का, मी.

"संपू दे," तो म्हणाला. "आई, बोंबील लाव."

सासूबाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. मग एकदम त्यांच्या अंगात आलं. बोंबील जोडीने वाळवतात, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि ती जोडी दोरीवर टाकायची. दोरी कुठून आणणार? त्यांनी मागचा सीटबेल्ट ओढला, पलीकडच्या दाराच्या वरच्या कडीला मुलीच्या हातून अडकवून घेतला आणि भराभर जोड्या टाकायला लागल्या. पुढचा बेल्टही आडवा बांधला. माझ्या बांगड्यांतल्या होत्या नव्हत्या त्या सेफ्टी पिना काढून घेतल्या. सोडे पुढे काचेपाशी, गरम हवा येते तिथे पसरायचे होते, खाली काहीतरी कागद हवा होता. नवऱ्याने खिशातून मायलेजच्या हिशोबाचा कागद काढला, उलगडला आणि स्वतःच्या हाताने अंथरला. गणपती त्या सोड्यांच्या मधोमध. कॅरम बोर्डवर सुकट पसरली. मुलगी कुरकुरत होती, पण दोन्ही हातांनी बोर्ड हवेत धरून बसली होती आणि मधूनमधून फुंकर घालत होती.

बाहेर गारा पडतायत आणि आत आम्ही चार माणसं घामाने निथळतोय. काचांवर वाफ. वास किती आला ते मी सांगत नाही, तुम्हाला खरं वाटायचं नाही. बाहेरून एका ट्रकवाल्याने काचेवर हात पुसून आत डोकावलं, डोक्यावर लटकणारे बोंबील बघितले आणि काहीही न विचारता निघून गेला.

मला राहवेना. बोंबलांच्या मधून मागे वळून मी म्हटलं, "आई, तुम्हाला एक सांगायचंय. मागच्या वर्षी ताईंना मीच बोलले होते. कुरिअरवाला पार्सल घेत नाही, मला दर वर्षी कुणाकुणाच्या हातापाया पडावं लागतं, तुम्हीच आईंना सांगा नको म्हणून. मीच सांगायला लावलं."

सासूबाईंनी हात थांबवला नाही. "ठावं हाय मना."

"कसं?"

"ती बोलत व्हती तवा तू सैपाकघरान भांडी वाजवायची बंद केलीस. तू भांडी कवा बंद करतंस?" त्यांनी आणखी एक जोडी अडकवली. "तू सांगितलंस. पन बोलली ती ना. तिला नको व्हती म्हनून बोलली."

मी रडले थोडी. घामात कुणाला कळलं नाही.

तासाभराने पाऊस ओसरला, आणि त्याच वेळी इंजिनने दोन आचके दिले आणि गाडी गप्प झाली. शेवटचा थेंब जळला. नवऱ्याने स्टिअरिंगवर थोपटलं. मग पलीकडे पंपावर एकदम दिवे लागले. सासूबाई उतरायला लागल्या तर त्याने बसवलं, "तू बस, बोंबील पडतील." मुलगी बोर्ड धरून आत, मी खाली उतरून एका हाताने खिडकीतून स्टिअरिंग धरलेलं आणि दुसऱ्याने ढकलतेय, मागून नवरा आणि दोन ट्रकवाले. शंभर पावलं ती गाडी ढकलताना याच्या तोंडाला फेस आला. पंपाशी पोचल्यावर, मला म्हणतो कसा, "तू नुसती टेकली होतीस. आणि पाच नाही, सात किलोने जास्त आहेस." त्या अवस्थेत!

पंपावरच्या माणसाने विचारलं, कितीचं टाकू? नवरा धापा टाकत होता. "फुल कर," म्हणाला. माझ्या लग्नाच्या आयुष्यात हे दोन शब्द मी पहिल्यांदा ऐकले. गाडी सुरू केली, हीटर पुन्हा लाल टोकाला, पंखा तीनवर, आणि घाट मोकळा झाल्यावर आम्ही तसेच निघालो, एसी नाही, काचा बंद, बोंबील डोक्यावर, आणि वेग ऐंशी.

साताऱ्यात पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. नणंदेच्या सोसायटीत पावसाने लाइट गेलेली, त्यामुळे सगळे बाल्कन्यांत आणि खाली कट्ट्यावर बसलेले. म्हणजे बघायला माणसं भरपूर. ती धावत खाली आली. "केवढा उशीर! फोन लागेना, माझा जीव टांगणीला..." असं म्हणत तिने मागचं दार उघडलं आणि तिथेच थांबली.

आतली सगळी गरम हवा तिच्या तोंडावर आली असणार. मागे कट्ट्यावरच्या एका बाईंनी पदर नाकाला लावला, मी बघितलं. एके काळी मीही असाच लावला होता.

सासूबाईंनी वर बघितलं नाही. मांडीवर एक मऊ पडलेला बोंबील होता, त्याच्याकडे बघत म्हणाल्या, "वली झाली गो बाय. नको आसंल त सांग. मी नेईन परत."

नणंद वाकून आत आली, मुलीला "सरक गं" म्हणाली, बोंबलांच्या खालून डोकं घातलं आणि आईला खेटून बसली. आणि दार लावून घेतलं.

मला वाटलं, बिचारी घुसमटेल. मी पुढच्या सीटवरून मागची काच खाली करायला हात घातला.

"वहिनी, नको," ती म्हणाली. "काच नको उघडू. जाईल ना तो वास."

तिने डोळे मिटले होते. साताऱ्याला आल्यापासून आमच्याकडचं बोलणं तिच्या तोंडून गेलंच होतं, फोनवरसुद्धा शुद्ध बोलायची. ते डोळे मिटूनच म्हणाली, "आये, मना वाटला तू आता आननारच नायस."

"तूच नको बोललीस."

"मी बोलली. तू आयकायचा नव्हता ना."

सासूबाईंनी एकदाच "गाढव" म्हटलं आणि पदराने तिचं तोंड पुसलं. पदरालाही मासळीचाच वास होता. मग लेकीने बेल्टवरची एक जोडी काढली, हुंगली, आणि रडत रडत म्हणाली की यंदा मीठ जास्त टाकलंस. त्यावर दोघींचं भांडण सुरू झालं, वर्षभराचं राहिलेलं.

खाली गाडीभोवती माणसं जमायला लागली होती. नवऱ्याचा हात सवयीने किल्लीकडे गेला. गाडी उभी आणि इंजिन चालू, हे त्याला अजिबात बघवत नाही. हात किल्लीपाशी जरा वेळ राहिला. मग त्याने मागे एकदा बघितलं, किल्ली सोडली आणि पंखा तीनवरून पुन्हा चारवर केला.